‘व्हीलचेअरची सोय आहे’ म्हणजे नेमकं काय? संगीतस्थळांच्या सुगमता-माहितीचं परीक्षण

गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढताना बहुतेकांना कोण गाणार, किती वाजता आणि तिकीट केवढ्याला, एवढंच बघायचं असतं. ज्याला पायरी चढता येत नाही, ज्याच्या कानात श्रवणयंत्र आहे किंवा लखलखत्या दिव्यांनी ज्याला फिट येऊ शकते, त्याच्या प्रश्नांची यादी मात्र लांब असते. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणून संगीतस्थळं सुगमतेची माहिती देतात. इथे परीक्षण त्या माहितीचंच आहे, एक सेवा म्हणून. इमारत कितीही चांगली असली तरी माहिती चुकली की माणूस दारातूनच परततो.

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘मुख्य दाराला 3 पायऱ्या, प्रत्येकी 16 सेंटीमीटर उंच. बाजूच्या दाराने सपाट प्रवेश आहे, पण ते आतून बंद असतं, घंटा वाजवावी लागते’ असं लिहिणाऱ्या ठिकाणाला आम्ही पाचातले चार गुण देतो. ‘आमचं सभागृह पूर्णपणे सुगम असून सर्वांचं स्वागत आहे’ एवढ्यावर थांबणाऱ्याला एक. पहिल्या ठिकाणी अडचण आहे, पण ती मोजून सांगितली आहे, त्यामुळे यायचं की नाही हे वाचणारा ठरवू शकतो. दुसऱ्या ठिकाणी कदाचित काहीच अडचण नसेल, पण हे कळायचं कसं?

सुरुवात दारापासून करू. ‘रॅम्प आहे’ हे वाक्य अपुरं आहे, उतार किती ते हवं. पुष्कळ देशांत धरलं जाणारं प्रमाण 1:12 आहे, म्हणजे 1 सेंटीमीटर चढायला 12 सेंटीमीटर लांबी. एका 15 सेंटीमीटरच्या पायरीला 1 मीटर 80 सेंटीमीटरचा रॅम्प लागतो. पुष्कळ ठिकाणी दाराशी घडीचा पत्र्याचा रॅम्प ठेवलेला असतो आणि त्याची लांबी जेमतेम मीटरभर. तो 15 सेंटीमीटरच्या पायरीला लावला की उतार 1:7 च्या आसपास जातो. हाताने चाकं ढकलणाऱ्याला हा चढ एकट्याने चढवत नाही, आणि मोटरवर चालणारी खुर्ची मागे कलंडायची भीती असते. म्हणून चांगली माहिती चार गोष्टी सांगते: रॅम्प कायमचा की उचलून ठेवायचा, लांबी किती, वजन किती पेलतो, आणि तो आणायला कोणाला हाक मारायची. शेवटची गोष्ट हमखास राहते. रॅम्प कोठीत, किल्ली व्यवस्थापकाकडे, आणि व्यवस्थापक रंगमंचामागे, ही नेहमीचीच गत.

दाराची रुंदीही चौकट ते चौकट देऊन उपयोग नाही. दार उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी जागा किती उरते ती हवी. 90 सेंटीमीटरच्या दाराची फळी, बिजागरी आणि आतला दांडा धरला तर 80 च उरतात. लिफ्टचं तसंच. दाराची मोकळी रुंदी, आतली लांबी-रुंदी आणि वजनमर्यादा असे तीन आकडे लागतात. आत 1 मीटर 10 सेंटीमीटर रुंद आणि 1 मीटर 40 सेंटीमीटर खोल लिफ्टमध्ये एक व्हीलचेअर आणि सोबत उभा माणूस मावतो, पण खुर्ची आत वळवता येत नाही, बाहेर उलटं यावं लागतं. जिन्याच्या कडेला बसवलेल्या उघड्या प्लॅटफॉर्म लिफ्टची वजनमर्यादा तर आवर्जून लिहायला हवी. मोटरची जड खुर्ची आणि तिच्यात बसलेला माणूस मिळून 200 किलोच्या पुढे सहज जातात. असली लिफ्ट बटण दाबून धरल्याशिवाय चालत नाही आणि बऱ्याचदा तिला किल्ली लागते. ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला ‘बटण सतत दाबून धरावं लागतं’ हे एक वाक्य आधी वाचायला मिळालं तर संध्याकाळ वाचते.

आता जागेकडे येऊ. आमच्या मते सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते, आणि बहुतेक वेळा ती कोणी मुद्दाम केलेली नसते.

बसून ऐकायच्या सभागृहात व्हीलचेअरच्या जागा किती आणि कुठल्या रांगेत, हे विचारायचं. अमेरिकेच्या एडीए या अपंगहक्क कायद्याच्या 2010 च्या मानकांत 301 ते 500 आसनांच्या सभागृहाला अशा किमान 6 जागा लागतात. पुढून किंवा मागून शिरता येणारी एक जागा किमान 91.5 सेंटीमीटर रुंद आणि 122 सेंटीमीटर खोल असावी लागते. बाजूने शिरायचं असेल तर खोली 152.5 सेंटीमीटर. हे आकडे तुलनेला चांगले. पण पाय पुढे ताणून ठेवावे लागणाऱ्या किंवा पाठ मागे कललेल्या खुर्चीला 122 सेंटीमीटर पुरत नाहीत. मग खुर्चीचा मागचा भाग वाटेत येतो आणि अग्निसुरक्षेचा माणूस ती हलवायला सांगतो. सोबतच्याची खुर्ची शेजारी आहे की मागे, हेही लिहिलेलं असावं. मागे बसवलेला सोबती कार्यक्रमभर मानेवर वाकून बोलत राहतो. ज्याला दर तासाला औषध किंवा पाणी हातात द्यावं लागतं त्याला तर मागची खुर्ची कुचकामी.

उभं राहून ऐकायच्या कार्यक्रमात खरी कसोटी लागते. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारण 1 मीटर 10 ते 1 मीटर 30 सेंटीमीटरवर असतात. समोर 1 मीटर 75 सेंटीमीटरची माणसं उभी राहिली की दिसते ती फक्त त्यांची पाठ. म्हणून उंच चौथरा बांधतात. चौथरा 60 सेंटीमीटरचा असेल तर 1 मीटर 20 सेंटीमीटरवरचे डोळे 1 मीटर 80 वर जातात, समोरच्या डोक्यांच्या जेमतेम वर. गायकाचा चेहरा आणि छाती दिसते, तबल्यावरची किंवा गिटारवरची बोटं दिसतीलच असं नाही. लोकांनी हात वर केले की तेही गेलं. 30 सेंटीमीटरचा चौथरा म्हणजे तर निव्वळ देखावा. आणि 60 सेंटीमीटरला 1:12 ने 7 मीटर 20 सेंटीमीटरचा रॅम्प हवा. एवढी जागा नाही म्हणून रॅम्प तोकडा करतात किंवा चौथरा बुटका. माहितीत चौथऱ्याची उंची आणि रॅम्पची लांबी शेजारी शेजारी दिली असेल तर भागाकार करून कोणती तडजोड झाली आहे ते घरबसल्या कळतं.

चौथऱ्याच्या कठड्याबद्दल कोणीच लिहीत नाही. सुरक्षेसाठी कठडा साधारण 1 मीटर 10 सेंटीमीटर उंच करतात, आणि बसलेल्या माणसाचे डोळे नेमके त्याच पट्ट्यात. म्हणजे चौथऱ्यावर चढून सगळ्यांच्या डोक्यांवरून बघायचं आणि मध्ये आडवा लोखंडी नळ! आडव्या नळाऐवजी पारदर्शक फळी, किंवा पुढच्या कडेला चाक अडेल एवढी उंच पट्टी आणि बसलेल्याच्या नजरेखाली येईल असा आडवा दांडा, असे उपाय असतात. स्थानिक नियमांत बसणारा कोणता ते बांधणाऱ्याने बघायचं. वाचणाऱ्याला चौथऱ्यावर खुर्चीत बसून, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला एक फोटो पुरतो. अशा एका फोटोला आम्ही दहा विशेषणांपेक्षा जास्त गुण देतो. उभं राहून काढलेला फोटो मात्र दिशाभूल करतो.

चौथरा कुठे आहे हेही महत्त्वाचं. मिक्सिंग डेस्कच्या शेजारी असेल तर आवाज उत्तम, कारण ध्वनिसंयोजन करणारा तिथेच बसून ऐकत असतो. रंगमंचाच्या बाजूला, सबवूफरच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी असेल तर दिसतं छान, पण खालचे सूर छातीवर आपटतात आणि शब्द कळत नाहीत. जुन्या इमारतींत बहुधा अशीच कोपऱ्यातली जागा उरलेली असते. ‘चौथरा रंगमंचाच्या उजवीकडे, 8 मीटरवर, स्पीकरच्या जवळ’ असं स्पष्ट लिहिणारं ठिकाण प्रामाणिक समजावं.

व्हीलचेअर वापरत नाहीत पण दोन तास उभं राहू शकत नाहीत अशी माणसंही पुष्कळ असतात: सांधेदुखीची, हृदयविकाराची, गरोदर, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. त्यांच्यासाठी खुर्ची मिळते का, ती आधी राखून ठेवावी लागते का, बाहेरच्या रांगेत उभं न राहता आत सोडतात का, यावर निम्म्याहून अधिक मजकूर गप्प असतो. छापायलाच हव्यात अशा तीन वेळा म्हणजे दार उघडण्याची, मुख्य कलाकार रंगमंचावर येण्याची आणि कार्यक्रम संपण्याची. दार सातला उघडतं आणि मुख्य गायक साडेनऊला येतो हे माहीत असेल तर कमी ताकद असलेला माणूस नऊला येईल. ही माहिती द्यायला काही खर्च येत नाही, तरी ती गुपितासारखी जपली जाते.

कानांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नुसती ‘इंडक्शन लूप आहे’ एवढी ओळ वाचून लोक आशेने येतात. लूप म्हणजे जमिनीखाली किंवा भिंतीकडेने फिरवलेली तार. तिच्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी ते पकडते. त्यासाठी यंत्र ‘टी’ वर ठेवावं लागतं, आणि काही नव्या छोट्या यंत्रांत टेलिकॉइल नसतेच. आंतरराष्ट्रीय मानकात क्षेत्राची तीव्रता आवाजाच्या शिखरावर 400 मिलिअँपिअर प्रति मीटर अपेक्षित आहे आणि ध्वनीचा पट्टा 100 ते 5000 हर्ट्झ. बोलण्याला हा पट्टा पुरेसा. संगीताला अपुरा: झांजेची चमक, तारांचे वरचे स्वर 5000 च्या पुढे राहतात. शिवाय लूपचा अँप्लिफायर लहानमोठा आवाज आपोआप सारखा करतो, म्हणून हळू आलाप आणि जोरकस तान यांतला फरक सपाट होतो. गाण्याचे शब्द कळायला लूप उत्तम, रसास्वादाला बेताचा.

लाइव्ह संगीताच्या ठिकाणी लूपचं एक खास दुखणं असतं. इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, हाही चुंबकीय क्षेत्रच पकडतो. लूपची तार रंगमंचाजवळून गेली तर गिटारच्या अँपमध्ये लूपचा आवाज घुसतो, घरघर होते, आणि कार्यक्रमाच्या आधी कोणीतरी चिडून लूप बंद करतं. मग भिंतीवर कानाची खूण असते आणि तारेत प्रवाह नसतो. उलट बाजूने, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर लूपमध्ये गुणगुण सोडतात आणि जमिनीतल्या सळ्या क्षेत्र खाऊन टाकतात. म्हणून विचारायचं ते असं: लूप सभागृहात आहे की फक्त तिकीट खिडकीवर? कुठल्या रांगांत चालतो? शेवटची तपासणी कधी झाली? आजच्या कार्यक्रमाला चालू असेल का? खिडकीवरचा लूप दाखवून ‘लूप उपलब्ध’ लिहिणं ही आमच्या यादीतली सर्वांत जास्त वेळा आढळणारी चलाखी.

लूपला पर्याय इन्फ्रारेड आणि रेडिओचे. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, पण प्रक्षेपक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये डोकी आली की तुटतं आणि उन्हात उघड्यावर चालत नाही. उभ्या गर्दीत निरुपयोगी. रेडिओवरचं गर्दीत चालतं, पण तिथल्या वायरलेस मायक्रोफोनांच्या फ्रिक्वेन्सींशी जुळवून घ्यावं लागतं. दोन्हींत रिसीव्हर हातात मिळतो, म्हणून नेकलूप (श्रवणयंत्राच्या टेलिकॉइलसाठी गळ्यात घालायचा छोटा लूप) आहे की फक्त हेडफोन ते विचारा. हेडफोन घालायचे तर पुष्कळांना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, म्हणजे स्वतःच्या कानांसाठी बसवलेली सगळी जुळणी गेली. 2022 साली जाहीर झालेलं ब्लूटूथचं ऑराकास्ट आता येऊ लागलं आहे. त्यात एकच प्रसारण कितीही यंत्रं पकडू शकतात, ध्वनीचा दर्जाही लूपपेक्षा वरचा. मात्र सुसंगत यंत्र हवं, आणि वेळेची जुळणी करावी लागते. हवेतून येणाऱ्या आवाजाला 30 मीटर यायला जवळजवळ 87 मिलिसेकंद लागतात. यंत्रातला आवाज त्याच्या आगेमागे पोहोचला की प्रत्येक ठेका दोनदा ऐकू येतो. ही जुळणी कुठल्या रांगेसाठी केली आहे हे सांगणारं ठिकाण सापडलं तर जपून ठेवावं.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याबद्दल ‘विनंतीनुसार’ असं लिहितात. विनंती किती दिवस आधी, हे हवं. गाणं आयत्या वेळी उलगडून सांगता येत नाही. गाण्यांची यादी आणि शब्द दुभाष्याला आधी मिळावे लागतात, आणि लांब कार्यक्रमाला दोघे लागतात, कारण साधारण 20 ते 30 मिनिटांनी पाळी बदलतात. दुभाष्यावर स्वतंत्र दिवा असतो का, की नाट्यमय अंधारात हात दिसेनासे होतात? त्याच्यासमोरच्या जागा राखीव असतात का? आणि एक ढोबळ चूक: कर्णबधिरांच्या सोयीसाठी संपर्क म्हणून फक्त फोन नंबर. हसावं की रडावं कळत नाही, पण आजही सर्रास दिसतं.

दिवे आणि धूर यांचा इशारा बहुतेक ठिकाणी ‘काही कार्यक्रमांत स्ट्रोबचा वापर होऊ शकतो’ असा कायमचा चिकटवलेला असतो. स्ट्रोब म्हणजे भराभर लखलखणारा दिवा. कायमचा इशारा म्हणजे इशारा नसल्यासारखाच. अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्यांपैकी साधारण 3 टक्क्यांना लखलखाटाने झटका येऊ शकतो, आणि सेकंदाला 3 ते 30 लखलखाट हा धोक्याचा पट्टा. त्यामुळे त्या त्या कार्यक्रमात स्ट्रोब आहे का, कुठल्या गाण्याच्या सुमारास आणि किती वेळ, हे दिवेवाल्याकडून आदल्या दिवशी तरी मिळायला हवं. अचानक सुरू झालाच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. नुसते डोळे मिटणं पुरत नाही, पापण्यांतूनही लखलखाट आत जातो. धुराबाबत दमा असलेल्यांना विचारायचं असतं की यंत्र सतत चालतं की ठरावीक क्षणी, आणि त्याचं तोंड व्हीलचेअरच्या चौथऱ्याकडे आहे का. शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण चौथरा कडेला आणि धूरयंत्रही कडेला, ही गाठ नेहमी पडते.

आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक दिलं आहे: 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, पातळी मोजली जावी, कानात घालायचे बोळे मिळावेत आणि कान शांत करायला वेगळी जागा असावी. या शेवटच्या जागेकडे जरा संशयाने बघावं. ‘शांत खोली’ म्हणून दाखवलेली जागा पुष्कळदा प्रथमोपचाराची खोली असते, किंवा बारच्या मागची. स्वमग्न व्यक्तीला किंवा सेवाकुत्र्यासह आलेल्याला ती उपयोगी पडेल का, हे दरवाजा, दिवे, बसायची सोय आणि ‘बाहेर पडल्यावर परत आत सोडतात का’ या चार गोष्टींवर ठरतं. परत आत न सोडण्याचा नियम सुगमता-माहितीत नसतो, तिकिटाच्या अटींत दडलेला असतो.

स्वच्छतागृहाला थोडक्यात मोजपट्टी: आत 1 मीटर 50 सेंटीमीटर व्यासाचं वळायचं वर्तुळ, सीटच्या एका बाजूला खुर्ची लावायला सुमारे 90 सेंटीमीटर मोकळी जागा, बाहेर उघडणारं दार, जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी. बाजू उजवी की डावी हेही हवं, कारण अंगाच्या एकाच बाजूत जोर असलेल्याला दुसरी बाजू चालत नाही. दोरी झाडताना अडते म्हणून गाठ मारून वर बांधलेली असते, आणि पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचत नाही. मोठ्यांना आडवं झोपवून कपडे बदलावे लागतात अशांसाठी ब्रिटनमधल्या ‘चेंजिंग प्लेसेस’ धर्तीची 3 बाय 4 मीटरची, माणसाला उचलणारा यांत्रिक पाळणा आणि रुंद बाकडं असलेली खोली जवळपास कुठे आहे, एवढं लिहिलं तरी मोठं काम होतं. इमारतीत नसली तरी चालेल.

तिकीट काढण्याच्या पद्धतीवर आम्ही गुण कापताना हात आखडता घेत नाही. बाकी सगळे मध्यरात्री दोन मिनिटांत तिकीट घेतात, आणि व्हीलचेअरच्या जागेसाठी मात्र कामाच्या वेळेत फोन, मग फॉर्म, मग कागदपत्रं, मग उत्तराची वाट. तोवर कार्यक्रम हाउसफुल्ल. मदतनीसाला तिकीट लागतं का, पुरावा काय, तो एकदा दिला की पुढच्या वेळी पुन्हा द्यावा लागतो का, आणि राखीव जागा किती तारखेपर्यंत राखीव राहतात, या चार गोष्टी जिथे लिहिल्या आहेत तिथे गोंधळ अर्ध्यावर येतो. पिशवीच्या आकाराचा नियम, इन्सुलिन आणि सुई, जेवणाचा डबा, ऑक्सिजनचं नळकांडं यांना सूट आहे का, तेही इथेच हवं. दारावरच्या सुरक्षारक्षकाने तो मजकूर वाचलेला नसतो, म्हणून लेखी परवानगीचा ईमेल फोनमध्ये साठवून न्यावा.

माहितीचं स्वरूपही तपासावं. नकाशा नुसत्या चित्राच्या रूपात असेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तिथे फक्त ‘चित्र’ एवढंच ऐकू येतं. ‘दारातून आत आल्यावर सरळ 15 मीटर, मग डावीकडे, उजव्या हाताला तिकीट खिडकी, पुढे दोन पायऱ्या खाली’ असं वाक्यांत लिहिलेलं वर्णन सगळ्यांनाच उपयोगी पडतं. फिक्या राखाडी अक्षरांतली माहिती मंददृष्टीच्या माणसाला वाचताच येत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान 4.5 ला 1 असावा असं प्रमाण आहे. आणि तारीख! मजकूर शेवटचा कधी तपासला हे नसेल तर बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही.

सर्वांत कमी लिहिलं जातं ते आपत्कालीन बाहेर पडण्याबद्दल. आग लागली की साधी लिफ्ट वापरायची नसते. वरच्या मजल्यावर व्हीलचेअरच्या जागा असतील तर माणसाला खाली कसं आणणार? जिन्यावरून उतरवायची खुर्ची असते, पण त्यासाठी स्वतःच्या खुर्चीतून तिच्यात बसावं लागतं, आणि मोटरची 100 किलोहून जड खुर्ची वरच राहते. मणक्याचा आधार नसलेल्याला त्या साध्या खुर्चीत बसवणंच धोक्याचं. अशा व्यक्तीने आधी कळवलं तर वेगळी योजना करता येते, हे लिहिलेलं हवं. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर एका वेळी दोनच व्हीलचेअर घेतात, त्याचं कारण हेच, आणि ते कारण सांगितलं तर कोणी रागावत नाही. नुसतं ‘जागा संपल्या’ सांगितलं की रागावतात.

तपासणीचा सोपा उपाय: तिकीट काढण्याआधी एक छोटा ईमेल टाकायचा. त्यात फक्त तीन प्रश्न. दारापासून जागेपर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट बंद पडली तर तिकीटधारकाला कोण, कसं आणि किती आधी कळवतं? कार्यक्रमाच्या रात्री मदतीला कोणाला शोधायचं, आणि तो माणूस कुठे उभा असतो? उत्तरात आकडा, पदनाम आणि जागा आली तर बिनधास्त तिकीट काढावं. ‘आमचे कर्मचारी मदतीस तत्पर आहेत’ असं आलं तर तोच ईमेल पुन्हा पाठवावा, या वेळी पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत वर ठेवून.